टाळ्या आणि चादरी

४ नोव्हेंबर

मालकीणबाई,

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि त्यात माझी चौकशी किती? "तू बरी असशील." बस्. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. पुढच्या ओळीपासून थेट काम. व्यापारी माणसं पत्रंही पावतीसारखी लिहितात असं म्हणणार होते, पण मग आठवलं, हा आपल्या घराण्याचाच दोष आहे. तुझ्या बापानं, म्हणजे माझ्या भावानं, तुझ्या जन्माची बातमी मला एका ओळीत कळवली होती: "मुलगी झाली, दोघी ठीक, माझी छत्री तुझ्याकडे राहिली का?"

तेव्हा मीही कामाचंच लिहिते. मला समजलं ते असं. हॉस्पिटलनं स्वतःच्या तळघरात धुलाईची यंत्रं बसवली आणि तुझ्या लॉन्ड्रीतलं निम्मं काम गेलं. सकाळपाळीला पुरतं, दुपारपाळीच्या बायका अर्धा आठवडा हातावर हात ठेवून बसतात. पुढच्या महिन्यात गेस्टहाऊस मालकांच्या संघटनेची सभा आहे, तिथे तुला पंधरा मिनिटं बोलायला मिळणार आहेत. त्यातून चादरी आल्या तर दुपारपाळी टिकेल. नाही तर वर्ष संपताना त्या सात जणींना तू घरी पाठवणार. आणि परवा व्यापारी मंडळाच्या जेवणात तू बोलायला उभी राहिलीस, हातातल्या कागदावरून दरपत्रक वाचलंस, "आभारी आहे" म्हणालीस आणि बसलीस. शेजारच्या माणसानं न मागता तुझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्या ग्लासाचं तुला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. मलाही लागलं असतं.

आता "आत्या, मला बोलायला शिकव" असं तू लिहितेस. कोणाला लिहितेस? जिनं उभा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर मालकांच्या विरुद्ध बोलण्यात घालवला तिला! वर, तुझ्या घरी पाहुणी म्हणून राहून तुझ्याच इस्त्रीखात्यातल्या बायकांना जिनं फाटकाबाहेर बसवलं तिला! तेव्हा तू माझी बॅग भरून दारात ठेवली होतीस. ठेवलीस ते ठीकच केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही ठेवली असती. पण मी माझ्या जागी होते, आणि त्या इस्त्रीच्या खोलीत पंखा नव्हता. आता दोन आहेत, असं कप्तान सांगते. हो, तुझ्या इस्त्रीखात्याची मुकादम, सगळ्या जिला कप्तान म्हणतात ती, मला अधूनमधून फोन करते. तिच्यावर डोळे वटारू नकोस.

शिकवते. पण तुझ्यासाठी नव्हे, त्या सात जणींसाठी. हे नीट लक्षात ठेव. आणि फोन करायचा नाही. फोनवर मी तुला बोलू देत नाही, हे तुलाही माहीत आहे. पत्रानं मला निदान तुझं पान संपेपर्यंत थांबावं लागतं.

पहिला धडा. वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे असं जो कोणी तुला सांगेल, त्याला ओळखून ठेव. इतरांनी गप्प बसावं अशी त्याची सोय त्यात आहे. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा माझ्या तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघाला होता आणि लोक इकडेतिकडे पाहायला लागले होते, कुठून आला म्हणून. बोलणं हे पोहण्यासारखं असतं. पाण्यात उतरून नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय ते येत नाही.

कागद फेकून दे. इस्त्रीचा मोठा रोलर चालू असताना खोलीच्या या टोकाला उभी राहा आणि त्या टोकाच्या बाईला एकच वाक्य सांग. ओरडायचं नाही. तिनं हातातलं काम थांबवून मान वर केली पाहिजे. ती मान वर करीपर्यंत रोज तेच.

आत्या


१२ नोव्हेंबर

मालकीणबाई,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून टायपिस्टबाई धावत आल्या. (या आमच्या निवासातल्या माझ्या शेजारीण. आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाईप केली, त्यामुळे आता कोणाचंही पत्र वाचणं हा त्यांना स्वतःचा हक्क वाटतो.) पहिल्या दिवशी तू तोंड उघडलंस आणि रोलरच्या आवाजात काहीच ऐकू गेलं नाही, तेव्हा कप्तान तिकडून ओरडली, "ताई, पगारवाढीचं सांगताय का? मग मोठ्यानं सांगा!" आणि दुसरीनं, "कपातीचं असेल तर असंच हळू सांगा!"

ही तुझी शाळा. एवढी चांगली शाळा मला मिळाली नव्हती.

चौथ्या दिवशी टोकाच्या बाईनं मान वर केली, असं लिहितेस. काय वाक्य सांगितलंस ते मात्र लिहिलं नाहीस. असो. काहीतरी खरं सांगितलं असणार, उगाच कोणी गरम रोलरसमोरून मान वर करत नाही.

आता दुसरा धडा. सोबत भाषण पाठवते आहे, टायपिस्टबाईंनी टाईप केलेलं. पाठ कर. भाषणाला एक शत्रू लागतो, बयो. शत्रू नसला तर ऐकणारा खुर्चीत मागे रेलतो. तुझा शत्रू शहराबाहेरची ती मोठी धुलाई कंपनी. सुरुवात अशी केली आहे:

"मित्रांनो! माणूस दमून येतो. दिवसभर जगानं त्याला ढकललेलं असतं. या एवढ्या मोठ्या पृथ्वीवर त्याच्या वाट्याला अंग टाकण्यापुरतं स्वच्छ कापड यायला नको का? ते कोण हिरावून घेतं? तो धुराड्यांचा कारखाना, जो तुमच्या चादरी ट्रकमध्ये कोंबतो, कोणाची कोणती याचा पत्ता नाही, आणि राखाडी करून तुमच्या दारात फेकतो! हे तुम्ही किती दिवस सहन करणार?"

शेवटचं वाक्य म्हणताना एक पाऊल पुढे ये. आणि मग थांब.

टाईप करताना टायपिस्टबाईंनी मध्येच यंत्र थांबवलं. म्हणाल्या, "छान आहे हो. पण यात तिची लॉन्ड्री कुठे आहे?"

"पुढे येते."

"कितव्या पानावर?"

"तुम्ही टाईप करा."

त्यांनी टाईप केलं. शेवटच्या पानावर तुझा पत्ता आणि फोन नंबर आहे, बघ.

मोठ्या सभेआधी एकदा हे कुठेतरी म्हणून पाहा. ती महिला उद्योजकांची मासिक बैठक आहे म्हणालीस, तिथे म्हण. सध्या माझ्या स्वतःच्या सभा नाहीत, मीच घेतल्या नाहीत, त्यामुळे मला सवड आहे. काय झालं ते सविस्तर कळव. घराण्याच्या पद्धतीनं एका ओळीत नको.

आत्या


२४ नोव्हेंबर

बयो,

तुझं पत्र मी आधी अर्धंच वाचलं. "सगळा हॉल उभा राहिला" इथपर्यंत. तिथून उठून मी गच्चीवर गेले आणि दोन फेऱ्या मारल्या. मग टायपिस्टबाईंना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवलं. "किती दिवस सहन करणार?" म्हणून तू थांबलीस आणि मागून एक बाई ओरडली, "एक दिवसही नाही!" वा! टाळ्या थांबेनात. अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"आणि चादरी?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

तेव्हा उरलेलं अर्धं वाचलं.

तर त्यांनी तुला चिटणीस केलं. एकमतानं. आणि नळाला पाणी कमी दाबानं येतं त्याबद्दल पालिकेवर मोर्चा न्यायचा, त्याचं पुढारपण तुझ्याकडे. एकीनं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "निवडणुकीला उभ्या राहणार असाल तर आत्ताच सांगा, आमच्या गल्लीत बरीच मतं आहेत." त्या हॉलमध्ये दोन गेस्टहाऊसवाल्या होत्या, एक वसतिगृह चालवणारी होती. तिघींनीही तुझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. तिघींपैकी एकीनंही तू काय धंदा करतेस ते विचारलं नाही.

"आत्या, मला टाळ्या धुवायच्या नाहीत," असं तू लिहिलंस.

हे वाक्य वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी तुला उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. त्यात सगळं होतं: कृतघ्न, दुकानदारी डोकं, भाषण कशाशी खातात ते माहीत नाही, वगैरे. तिसऱ्या दिवशी टायपिस्टबाई माझ्या केराच्या टोपलीकडे पाहून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला राग नक्की कशाचा आला आहे? गेल्या तीन वर्षांत तुम्हाला तरी कोणी कुठे बोलावलंय?"

अशी बाई शेजारी असू नये.

बोलावलं नाही, हे खरं आहे. मागच्या पत्रात सभा "मीच घेतल्या नाहीत" असं जे लिहिलं, त्याचा अर्थ तू काढलाच असशील. शेवटी शेवटी फाटकांवर पोरं यायची, हातात फोन घेऊन, आणि मी बोलत असताना त्याच्यातच बघायची. म्हणून तुझा हॉल उभा राहिला तेव्हा मी गच्चीवर फेऱ्या मारल्या. त्या टाळ्या मला माझ्या वाटल्या. त्या माझ्याच होत्या, हीच तर तुझी तक्रार आहे.

मला थोडा वेळ दे. सभेला अजून अवकाश आहे. काही पाठ करू नकोस. मोर्चा मात्र सोडू नकोस, पाणी कमी दाबानं येत असेल तर ते वाईटच आहे.

आत्या


१ डिसेंबर

बयो,

मी काय केलं ते ऐक. आमच्या इथे स्टेशनमागे एक तीनमजली गेस्टहाऊस आहे. काल टायपिस्टबाईंना बरोबर घेऊन गेले. त्याचा मालक काउंटरमागे बसून किल्ल्या पुसत होता. साधारण माझ्याच वयाचा, गुबगुबीत, चष्मा कपाळावर चढवलेला. म्हटलं, आम्हाला खोली नको, तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, चादरींबद्दल. तो म्हणाला, "तक्रार आहे का?" आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला बोलायचं सुचेना. विचार कर. मला!

"तक्रार नाही," टायपिस्टबाई म्हणाल्या. "तुम्हाला चादरींचा त्रास काय होतो, ते विचारायला आलोय."

तो हसला. "माझा त्रास? मला कोण विचारतंय?"

मी तोंड उघडलं. शहराबाहेरचे कारखाने, राखाडी रंग, सगळं जिभेवर तयार होतं. टायपिस्टबाईंनी काउंटरखाली माझ्या पायावर पाय दिला. जाड बुटाचा. म्हणून तो पुढचं बोलला.

"कापड पिवळट आहे की राखाडी, ते बाई, लोक चालवून घेतात. किंमतच तेवढी असते आमची. मला भीती कशाची सांगू? पाहुणा किल्ली घेऊन वर जातो. दार लागतं. मी इथे नोंद करत असतो, पण कान वर असतात. पाच मिनिटं शांत गेली तर सुटलो. पण कधी कधी दार परत उघडतं. मग जिन्यावर पावलं. वर जाताना दमलेली असतात ती पावलं, खाली येताना दमलेली नसतात. तेव्हा मी समजतो. पांघरूण बाजूला केलं आणि डाग दिसला. आता तो मला इथे सगळ्यांसमोर बोलणार. आणि मी ती चादर पाहिलेलीच नसते हो! घडी घालून आली, घडी तशीच वर गेली. धुणाऱ्यानं डाग आत ठेवून घडी घातली, माझ्या पोरीनं तीच घडी पलंगावर उलगडली."

हे सांगताना तो किल्ल्या पुसायचा थांबला होता. अर्धा तास बसलो. निघताना म्हणाला, "बरं वाटलं. बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं."

परत येताना मी गप्प होते. टायपिस्टबाईंना वाटलं पाय दुखतोय.

बयो, मालक म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे एकच आकृती यायची. त्या आकृतीचं मी कधी अर्धं मिनिटही सलग ऐकलेलं नाही, आणि त्यातल्या बहुतेकांनी तशी लायकीही ठेवली नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगेन. पण बोलण्याबद्दल मला एक गोष्ट काल कळली. फाटकावर माझ्यासमोर जो उभा असायचा त्याचं दुखणं मला ठाऊक असायचं, कारण तेच माझं होतं. मी फक्त त्याला आवाज द्यायचे. या गेस्टहाऊसवाल्यांचं दुखणं मला ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं, आणि आपण दोघींनी मिळून त्यांना एक दुखणं लिहून दिलं. ते ऐकून लोक उभे राहिले, कारण दुखणी सगळ्यांकडे असतात. पाण्याचं आठवलं, पाण्यासाठी उठले.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू म्हणतेस, सभेत टोपलीबद्दल बोलावं असं मनात आहे. ती टोपली मी पाहिली आहे, रोलरशेजारची. घडी घालताना ज्या चादरीबद्दल बाईला जरा जरी शंका येते, पुसट डाग, विरलेली जागा, उसवलेली कड, ती गठ्ठ्यात घालायची नाही, टोपलीत टाकायची. आणि गिऱ्हाइकाला ती वेगळी बांधून परत करायची, वर चिठ्ठी: ही पाहून घ्या. हॉस्पिटलचा कारकून त्यावरून तुझ्यावर खेकसायचा, "आमच्याच चादरी आम्हाला नापास करून पाठवता काय?" तरी तू ती टोपली काढली नाहीस.

गेल्या आठवड्यात तू हे लिहिलं असतंस तर मी ठाम नाही म्हटलं असतं. सभेत स्वतःची उणी बाजू दाखवायची नसते, हे मी किती जणांना शिकवलं असेल. पण काल त्या माणसाकडून ती जिन्यावरची पावलं ऐकली. टोपलीबद्दल बोल. टोपलीबद्दलच बोल. आणि तोंड उघडण्याआधी तुझ्याकडच्या दोन-चार गेस्टहाऊसमध्ये जाऊन काउंटरपाशी बसून ये. तिथे बोलायचं नाही. लागला तर टायपिस्टबाईंचा बूट पाठवते.

कोणीतरी उठून म्हणेल, म्हणजे तुमच्याकडे डाग राहतात तर! त्यावर मी तीन उत्तरं तयार केली आहेत. एकेक असं आहे की माणूस पुन्हा सभेत तोंड उघडणार नाही. पुढच्या टपालानं पाठवते.

आत्या


१० डिसेंबर

बयो,

उत्तरं पाठवू नकोस, असं लिहिलंस. नाही पाठवत.

सभेला येऊ नकोस, असंही लिहिलंस. येत नाही. मला त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच आहे, वेळ आधीच ठरलेली आहे.

पाच काउंटरवर बसून आलीस, त्यातल्या एका बाईनं तुला पलंगाखालचा साठाच दाखवला, डाग पडलेल्या चादरींचा, जो ती कोणाला सांगू शकत नव्हती. हे वाचून मला तुझ्याबद्दल जे वाटलं ते लिहीत नाही. डोक्यात हवा जाईल तुझ्या.

शेवटचं सांगते. भीती जाणार नाही. मला शेवटच्या सभेपर्यंत वाटत होती. पाय थरथरले तर थरथरू दे, टेबलामागे कोण बघतंय? पण गप्प बसायला घाबरू नकोस. प्रश्न विचारलास की लगेच स्वतः उत्तर देऊन टाकायचं नाही. वक्त्याला शांतता फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला तीच गरजेची असते. मी हे उशिरा शिकले. खरं म्हणजे गेल्या आठवड्यात शिकले.

आत्या


१७ डिसेंबर

बयो,

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी गेले नव्हते, हे तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही.

मी मागच्या दाराच्या शेजारी, खांबाला लागून बसले होते. माझ्या पुढे दोन गेस्टहाऊसवाले, एक लठ्ठ, एक सडपातळ, दोघेही आधीच्या वक्त्याच्या वेळी पेंगत होते. तो साबणवाला, ज्यानं पडद्यावर तक्ते दाखवले. मग तुझं नाव पुकारलं. तू मोकळ्या हातांनी आलीस. आवाज पहिल्या वाक्याला जरा चिरकला, दुसऱ्याला बसला.

"पाहुणा वर जातो, दार लावतो," तू म्हणालीस. "आणि पाच मिनिटांत ते दार परत उघडल्याचा आवाज येतो. तेव्हा तुम्ही काय करता?"

आणि गप्प राहिलीस.

मला वाटलं, संपलं. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "बाथरूममध्ये जाऊन बसतो!" आणि हॉल हसला. ते हसू कसलं होतं ते मला मागून दिसत होतं. सगळ्यांच्या माना शेजाऱ्याकडे वळल्या होत्या. "तुझंही असंच होतं का रे?" असं विचारल्यासारख्या. पुढच्या लठ्ठानं सडपातळाला कोपर मारलं, "मी नोकराला पुढे करतो." पेंग उडाली होती.

मग तू टोपली सांगितलीस. साधी सांगितलीस, घरात सांगावी तशी. आणि पहिल्या रांगेतला तो हाताची घडी घातलेला माणूस उभा राहिला, ज्याच्या तीन इमारती आहेत आणि ज्याच्याकडे बघूनच बाकीचे ठरवतात, असं तू लिहिलं होतंस.

"म्हणजे धुऊनही तुमच्याकडे डाग राहतात, हे तुम्ही स्वतःच कबूल करताय!" तो म्हणाला, आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहून हसला.

बयो, माझ्याकडे उत्तर होतं. "साहेब, डाग आमच्याकडे तयार होत नाहीत, तुमच्याकडून येतात!" हॉल कोसळला असता. टाळ्या, शिट्ट्या. तो माणूस लाल झाला असता, खाली बसला असता, आणि तुला जन्मात एक रुमालही धुवायला दिला नसता. हे सगळं मला आत्ता कळतं आहे. तेव्हा मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठत होते. तोंड उघडलं होतं. श्वास भरला होता.

आणि तू हात वर केलास. तळवा खाली करून, सावकाश खाली आणलास.

सभा उधळायला आलेल्या गुंडांनी मला बसवलं नाही. वर्दीवाल्यांनी बसवलं नाही. कारखान्यावर पाण्याचे फवारे सोडले तेव्हा मी पाण्यातून बोलले आहे. तुझा हात खाली आला आणि मी बसले. अगदी मुकाट. तोंडही मिटलं.

गंमत अशी की हॉलला वाटलं, तू त्यांनाच शांत व्हायला सांगते आहेस. तेही गप्प झाले. हसणाराही. तुझा तो हात फक्त माझ्यासाठी होता, हे त्या हॉलमध्ये आपल्या दोघींनाच माहीत होतं.

"हो," तू म्हणालीस. "राहतात. रोज राहतात."

मग थांबलीस. किती थांबलीस! "साहेब, तुमच्या इमारतीत शेवटचा डाग निघाला, तो आधी कोणी पाहिला? तुम्ही की पाहुण्यानं?"

त्यानं हाताची घडी सोडली. मला वाटलं काहीतरी टोला देईल. पण तोही धंद्यातला माणूस आहे, आणि ती पावलं त्यानंही ऐकलेली असणार. "पाहुण्यानं," तो म्हणाला.

"आमच्याकडे तो आमच्या बाईनं आधी पाहिला असता. मला एवढंच सांगायचं होतं."

आणि तू बसलीस. पंधरा मिनिटंही झाली नव्हती. टाळ्या पडल्या, पण थोड्या, मध्येच विरलेल्या, कारण लोक बोलत होते. माझ्या पुढचा लठ्ठ सडपातळाला म्हणत होता, "वरचा मजला देऊन बघू. नाही जमलं तर काढून घेऊ." "चिठ्ठीवर आपलं नाव नको पण," सडपातळ म्हणाला. "नुसता नंबर टाकायला सांगू."

आयुष्यभर मी टाळ्यांवरून सभा मोजली. या कुजबुजीचं काय करायचं ते मला कळेना. बाजूच्या दारानं निघाले. तुला भेटले नाही, कारण भेटले असते तर मी बोलले असते, आणि त्या दिवशी बोलण्याचा मान तुझा होता. बसमध्ये शेजारी कोणीतरी विचारलं, "काय हो, बरं नाही का?" मी रडत होते असं मुळीच नाही. काच उघडी होती.

एक सांग. मी तिथे आहे हे तुला केव्हा दिसलं? उठले तेव्हा, की आधीच? आधीच दिसलं असेल, आणि तरी तू तुझंच बोललीस, तर माझ्याकडे तुला शिकवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

किती चादरी आल्या ते कळव. या खेपेला एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

आत्या


४ जानेवारी

बयो,

तुझं पत्र मिळालं. मी खुर्चीत बसायच्या आधीच तुला दिसले होते, तर! खांबामागून छत्री बाहेर आली होती म्हणे. ठीक.

त्या तीन इमारतीवाल्यानं एकाच इमारतीच्या चादरी दिल्या, बाकीच्यांनी एकेक मजला, आणि दुपारपाळी टिकली, शनिवार सोडून. सातही जणी कामावर आहेत. हे मी टायपिस्टबाईंना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी "आणि शनिवार?" असं विचारलं. त्यांचा स्वभावच तसा आहे.

राहायला ये म्हणतेस, आणि अट घालतेस की इस्त्रीखात्यातल्या बायकांपुढे मी बोलायचं नाही.

अट मान्य आहे. मी बोलणार नाही. शनिवारी त्यांना काम नसतं असं तूच लिहिलं आहेस, तेव्हा त्या दिवशी त्यांना बोलावून एक खुर्ची घेऊन बसेन आणि रिकाम्या शनिवारबद्दल त्या काय म्हणतात ते ऐकेन. ऐकून झाल्यावर तुझ्याशी मात्र बोलावं लागेल. त्याबद्दल तुझ्या अटीत काही लिहिलेलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं पोचते.

आत्या